उंदराच्या हृदयाचा एमआरआय : मराठवाड्यातल्या संशोधकासाठी, पिंजऱ्यापासून आकड्यांपर्यंत

आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत हृदयरोगावरचं बरंचसं काम एका ठरलेल्या वाटेनं जातं. रॅटला आयसोप्रोटेरेनॉल (हृदयाला इजा करणारं औषध) टोचायचं, रक्तात ट्रोपोनिन आणि सीके-एमबी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारी प्रथिनं) मोजायचं, मग हृदय काढून पॅथॉलॉजीकडे काप पाठवायचे. काम वाईट नसतं, पण जिवंत प्राण्याचं हृदय पंप म्हणून कसं चाललंय ते त्यातून कधीच दिसत नाही. औषधानं आकुंचन सुधारलं का, व्रण लहान झाला का, भिंत जाड झाली ती किती, याची उत्तरं हवी असतील तर हृदय धडधडतं असतानाच पाहावं लागतं. त्यासाठी छोट्या प्राण्यांचा एमआरआय हे आजचं सगळ्यात भरवशाचं साधन आहे.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणीत बसून या कामाची आखणी करणाऱ्या एम.फार्म., पीएच.डी., पशुवैद्यक आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहितोय. इथे 'उंदीर' म्हणजे छोटा माउस; मोठ्या रॅटला 'रॅट'च म्हटलंय. यंत्र बहुधा दुसऱ्या शहरात असणार आणि तिथे तुम्हाला मोजके तास मिळणार. त्या तासांचं सोनं होईल की माती, हे मात्र बहुतांशी इथेच, आपल्या प्राणीगृहात आणि कागदावर ठरतं.

आधी प्रश्न, मग यंत्र

पहिली गोष्ट ठरवा : एमआरआय खरंच लागतो का? फक्त "पंपिंग कमी झालं का" एवढंच पाहायचं असेल आणि हृदय सगळीकडून सारखंच बिघडत असेल, तर ३० ते ४० मेगाहर्ट्झच्या प्रोबचा छोट्या प्राण्यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) पुरतो. स्वस्तात आणि काही मिनिटांत काम होतं. पण इकोच्या एम-मोडमध्ये एका रेषेवरच्या मोजमापावरून अख्ख्या हृदयाचा अंदाज बांधतात, आणि त्यासाठी हृदय ठराविक आकाराचं आहे असं धरून चालतात. हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी बांधून हार्ट अटॅक घडवलेल्या उंदरात नेमकं हेच गृहीतक कोसळतं. तिथे भिंतीचा एक भाग पातळ होऊन फुगतो आणि उरलेला जोरात आकुंचन पावतो. एमआरआय हृदयाच्या पायापासून (झडपांकडच्या रुंद भागापासून) टोकापर्यंत एकेक काप घेत जातो आणि आकाराबद्दल काहीच धरून चालत नाही. म्हणून अशा विद्रूप हृदयात त्याच्याच आकड्यावर विश्वास ठेवावा.

मॉडेल कोणतं, यावर काय मोजायचं ते ठरतं. धमनी बांधलेल्या उंदरात आकारमानं, इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ : दर ठोक्याला हृदय आतल्यापैकी किती टक्के रक्त बाहेर टाकतं) आणि गॅडोलिनियम (व्रण उजळ दाखवणारं द्रव्य) देऊन व्रणाचा आकार. महाधमनीच्या कमानीला गाठ मारून दाब वाढवलेल्या उंदरात आधी वाढतं ते डाव्या जवनिकेचं (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याचं) वजन, ईएफ नंतर घसरतो. म्हणून तिथे भिंतीचं वस्तुमान हाच मुख्य आकडा. डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधाच्या मॉडेलमध्ये ईएफ उशिरा पडतो, त्यामुळे टी-१ आणि टी-२ मॅपिंगसाठी (स्नायूतली सूज, तंतू दाखवणारी मोजमापं) किंवा स्नायूंचा ताण (स्ट्रेन) मोजण्यासाठी वेळ राखून ठेवा. आपलं लाडकं आयसोप्रोटेरेनॉल मॉडेल या बाबतीत जरा अडचणीचं आहे. त्यात इजा ठिगळाठिगळांची आणि मुख्यतः आतल्या थरात होते. धमनी बांधल्यावर दिसतो तसा स्वच्छ कडांचा पांढरा पट्टा गॅडोलिनियमच्या चित्रात मिळेल अशी आशा धरून गेलात, तर निराश होऊन परताल. रॅटमध्ये हेच मॉडेल वर्षानुवर्षं केलंय म्हणून उंदरातही तेच, एवढं कारण पुरेसं नाही.

गटात किती उंदीर?

प्राणी नीतिमत्ता समितीपुढे हा प्रश्न येतोच आणि एमआरआयचा खरा फायदा इथेच कागदावर मांडता येतो. समजा दोन गटांच्या ईएफमध्ये १० टक्के-बिंदूंचा फरक ओळखायचा आहे. मोजमापाचं प्रमाणित विचलन ८ असेल, तर ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात ११-१२ उंदीर लागतात. विचलन ५ वर आणता आलं तर सुमारे ६ पुरतात. पद्धत जितकी नेमकी, तितके कमी जीव. शिवाय तोच उंदीर आज, चार आठवड्यांनी आणि आठ आठवड्यांनी पाहता येतो; प्रत्येक टप्प्यावर वेगळा गट मारावा लागत नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी प्राण्यांची संख्या घटवण्याचं तत्त्व ते हेच. अर्जात ते गणितासकट लिहा, नुसतं नाव घेऊन सोडू नका.

अर्ज म्हणजे फॉर्म बी, आणि तो जातो तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे. नियम १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. देखरेख करणारी केंद्रीय समिती पूर्वी सीपीसीएसईए होती, आता सीसीएसईए. प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्या. स्कॅन दुसऱ्या संस्थेत होणार असेल तर त्या संस्थेच्या समितीची मंजुरीही लागेल. दोन्ही समित्यांच्या बैठका आपल्या सोयीनं होत नाहीत, त्यामुळे यंत्राची तारीख घेण्याआधी कागदपत्रं हातात असू द्या. भूल किती वेळा देणार, दोन भुलींमध्ये किती दिवसांचं अंतर, वजन किती घटलं की प्रयोग थांबवणार (२० टक्के ही बऱ्याच ठिकाणी मानलेली मर्यादा) हे आधीच लिहून ठेवा.

यंत्र शोधताना

सरकारी खर्चातून घेतलेली उपकरणं बाहेरच्या संशोधकांना वापरता यावीत म्हणून केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल २०२० पासून आहे. शोध तिथून सुरू करा. तुम्हाला ४.७, ७ किंवा ९.४ टेस्लाचं, छोट्या व्यासाचं, प्राण्यांसाठीचं यंत्र हवंय.

"घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा खासगी सेंटरमध्ये रात्री रिकामा एमआरआय असतो, तिथेच करू" हा विचार प्रत्येक बॅचमध्ये कोणाच्या तरी डोक्यात येतो. दवाखान्याची यंत्रं दीड किंवा तीन टेस्लाची. त्यांचे ग्रेडियंट (चित्रात बारकावा आणणारी बदलती चुंबकी क्षेत्रं) साधारण ४० ते ८० मिलिटेस्ला प्रति मीटर. प्राण्यांच्या यंत्रात ते ४०० च्या वर, कधी १००० पर्यंतही जातात. उंदराच्या डाव्या जवनिकेत विश्रांतीच्या वेळी ५० ते ६० मायक्रोलिटर रक्त मावतं, माणसाच्या जवनिकेत त्याच्या दोन-अडीच हजार पट. माणसासाठी आखलेली ईसीजी जोडणी मिनिटाला ५०० ठोक्यांच्या हिशेबानं केलेली नसते. आणि रुग्ण झोपतात त्या टेबलावर प्रयोगाचे प्राणी ठेवणं स्वच्छतेच्या दृष्टीनंही योग्य नाही. रॅटच्या मेंदूसाठी खास कॉइल लावून तीन टेस्लावर काही काम निघतं, पण उंदराच्या हृदयासाठी हा नाद सोडा.

यंत्र चालवणाऱ्याला पहिल्याच फोनवर चार गोष्टी विचारा : उंदराच्या हृदयासाठी कोणती कॉइल (सिग्नल पकडणारं वेटोळं) आहे, ईसीजी आणि श्वासाची जोडणी आहे का, गरम ठेवण्याची सोय काय, आणि स्वयं-गेटिंगचं (ईसीजीशिवाय चित्रातूनच ठोका ओळखण्याचं) सॉफ्टवेअर आहे का. शेवटच्याचं उत्तर "हो" असेल तर तुमचं निम्मं टेन्शन गेलं.

प्रवास आणि घरची तयारी

प्राणीगृहात २२ अंशांच्या आसपास राहणारा उंदीर एप्रिल-मेमध्ये जालना-परभणी पट्ट्यातल्या ४०-४२ अंशांत गाडीच्या डिकीत टिकत नाही. उन्हाळ्यात नेणं टाळता येत नसेल तर रात्री निघा, एसी गाडीत, हवा खेळेल अशा पेटीत. पाण्याच्या बाटलीऐवजी जेल किंवा काकडीचे काप ठेवा. हलत्या गाडीत बाटली गळते आणि ओला भुसा उंदराला गारठवतो. पोचल्यावर किमान आठवडाभर स्थिरावू द्या. शस्त्रक्रिया केलेले उंदीर लगेच हलवू नका. सोय असेल तर शस्त्रक्रिया यंत्राच्याच गावी करणं सगळ्यात बरं.

ओळखीसाठी कानात धातूचा बिल्ला अजिबात नको. तो चुंबकाकडे ओढला जाऊ शकतो आणि चित्रही बिघडवतो. कानाला खाच किंवा शेपटीवर टॅटू करा. शस्त्रक्रियेत धातूची क्लिप वापरू नका, रेशमी टाका घाला. ही गोष्ट सर्जनला आधी सांगायची असते, स्कॅनच्या दिवशी लक्षात येऊन उपयोग नाही.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे आजारी असं केलंत, तर दिवसभरात भुलीच्या यंत्रात किंवा खोलीच्या तापमानात झालेला फरक तुमच्या औषधाचा परिणाम म्हणून छापला जाईल.

भूल आणि ऊब

चित्रं खराब येतात ती बहुतेक वेळा चुंबकामुळे नाही, भूल आणि तापमान बिघडल्यामुळे.

जागेपणी उंदराचं हृदय मिनिटाला ५०० ते ६०० वेळा धडधडतं. भुलीखाली ते ४०० ते ५०० च्या दरम्यान राहायला हवं. केटामिन-झायलाझिन आपल्याकडे सहज मिळतं, सवयीचंही आहे, पण त्यानं ठोके ३०० च्याही खाली जातात आणि ईएफ खोटा कमी दिसतो. या कामाला आयसोफ्लुरेन हवं : पेटीत ३ ते ४ टक्क्यांनी झोपवा आणि नाकावरच्या नळीतून १ ते १.५ टक्क्यावर ठेवा. श्वास मिनिटाला ४० ते ८० च्या दरम्यान हवा. तो २५-३० वर येऊन उंदीर आचके देऊ लागला तर भूल खोल झाली, लगेच कमी करा. १०० च्या वर गेला तर तो जागा होतोय. आयसोफ्लुरेनचं व्हेपरायझर (भुलीच्या द्रवाची वाफ करणारं यंत्र) आणि पोलादी ऑक्सिजन सिलिंडर चुंबकाच्या खोलीबाहेर ठेवून नळी आत घ्यायची. बाहेर पडणारा वायू कोळशाच्या फिल्टरमध्ये सोडायचा, नाहीतर दुपारपर्यंत तुमचंच डोकं जड होतं.

तापमान गुदमार्गातल्या सेन्सरवर ३६.५ ते ३७.५ अंश. चुंबकाची नळी थंड असते आणि २५ ग्रॅमच्या जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही. अंश-दोन अंश उतरले की ठोके पडतात. ठोके पडले म्हणून तुम्ही भूल कमी करता आणि उंदीर हलतो. म्हणून ठोके उतरताना दिसले की पहिली नजर तापमानाकडे टाका. गरम पाणी फिरवणारी गादी किंवा गरम हवा आधीच चालू करून पाळणा (उंदीर झोपवायची खाट) कोमट करून ठेवा. डोळ्यांना मलम लावायला विसरू नका, भुलीत पापण्या उघड्या राहतात आणि बुबुळ सुकतं.

या सगळ्याची तालीम घरीच करता येते. चुंबक लागत नाही. व्हेपरायझर, गादी, सेन्सर आणि घड्याळ पुरे. एक तास उंदीर ३७ अंशांवर, ४५० ठोक्यांवर स्थिर ठेवता आला की मगच तारीख घ्या.

ठोक्याशी चित्र जुळवणं

एका ठोक्यात अख्खं चित्र मिळत नाही. प्रत्येक ठोक्यात थोडीथोडी माहिती गोळा होते आणि शेकडो ठोक्यांतून एका धडधडीची फिल्म तयार होते. त्यासाठी ठोका कधी सुरू झाला ते यंत्राला कळायला हवं.

दोन पुढच्या पायांना आणि डाव्या मागच्या पायाला इलेक्ट्रोड लावा. वायरी पीळ देऊन, वेटोळं न करता बाहेर काढा. पोटाखाली श्वासाचा छोटा फुगा. बाहेर असताना सुरेख दिसणारा ईसीजी चुंबकात शिरताच वाकडा होतो, कारण चुंबकी क्षेत्रातून वाहणारं रक्त स्वतःच वीज निर्माण करतं आणि टी-लहर उंच होते. यंत्र तिलाच आर-लहर समजून एका ठोक्याचे दोन मोजतं. उपाय : ट्रिगर झाल्यानंतर चक्राच्या सुमारे ८० टक्के काळ यंत्रानं दुसरा ठोका ओळखूच नये अशी सोय करा, किंवा इलेक्ट्रोडची जागा जराशी बदला. स्वयं-गेटिंग असेल तर वायरींचीच गरज उरत नाही. चित्राच्या माहितीतूनच ठोका आणि श्वास नंतर वेगळे काढतात. तरीही ईसीजी लावून ठेवा, उंदीर जिवंत आहे हे कोणीतरी सांगायला हवं.

एक बारकावा माहितीपत्रकांत सापडत नाही. श्वास घेताना छाती हलते, म्हणून तेवढा वेळ माहिती गोळा करणं थांबवायचं. पण रेडिओ पल्स थांबवायचे नाहीत. ते थांबले की स्नायूंचा सिग्नल पुन्हा वाढतो आणि नंतरची पहिली काही ओळींची माहिती जास्त उजळ येते. चित्रात भुतासारख्या सावल्या दिसतात त्या त्याच.

स्कॅन

उंदीर आत गेल्यावर हृदय कॉइलच्या मध्यावर आहे ना ते पाहा, कॉइल जुळवून घ्या, शिमिंग (चुंबकी क्षेत्र सगळीकडे सारखं करणं) करा. तिन्ही दिशांची घाईची चित्रं काढा. त्यावरून डाव्या जवनिकेची लांब अक्ष शोधा : झडपेच्या मध्यापासून टोकापर्यंत. दोन कप्प्यांचं आणि चार कप्प्यांचं अशी दोन लांब चित्रं घेऊन त्या दोन्हींना काटकोनात आडवे काप आखा. इथे पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. काप तिरके गेले तर पुढचा प्रत्येक आकडा तिरका.

मुख्य फिल्मसाठी ग्रेडियंट-एको सिने (धडधडत्या हृदयाची फिल्म काढायची पद्धत). सुरुवातीला : टीआर (दोन पल्समधला वेळ) ६ मिलिसेकंद, टीई (पल्सपासून सिग्नलपर्यंतचा वेळ) २ च्या आसपास, फ्लिप अँगल १५ ते २० अंश, क्षेत्र २५ ते ३० मिलिमीटर, मॅट्रिक्स १९२ बाय १९२, कापाची जाडी १ मिलिमीटर, दोन कापांत फट नाही. ४८० ठोक्यांना एक चक्र १२५ मिलिसेकंदांचं. ६ नं भागलं की २० फ्रेम. ठोका थोडा पुढेमागे होतो म्हणून १८ ठेवा. १० पेक्षा कमी फ्रेम घेतल्यात तर आकुंचनाचं टोक दोन फ्रेमच्या मध्ये निसटतं आणि ईएफ कमी येतो.

वेळेचा हिशेब असा. एका कापासाठी १९२ ओळी, चार आवर्तनं, दर ठोक्याला एक ओळ : १९२ × ४ × ०.१२५ = ९६ सेकंद. श्वासाचा वेळ वजा गेल्यामुळे प्रत्यक्षात दोन ते अडीच मिनिटं. आठ काप म्हणजे साधारण २० मिनिटं. उंदीर झोपवणं, मांडणी, आखणी धरून एका उंदराला पाऊण ते एक तास. दिवसात सहा-सात उंदीर नीट होतात. दहा करतो म्हणणाऱ्याची चित्रं एकदा बघून घ्या.

व्रण पाहायचा असेल तर सिनेनंतर गॅडोलिनियम. उंदराला माणसापेक्षा जास्त मात्रा लागते, किलोमागे ०.३ ते ०.६ मिलिमोल. २५ ग्रॅमच्या उंदराला ०.५ प्रमाणे ०.०१२५ मिलिमोल. कुपीवर ०.५ मिलिमोल प्रति मिलिलिटर लिहिलं असेल तर हे झालं फक्त २५ मायक्रोलिटर, आणि एवढं तर सुईतच अडकून राहील. म्हणून सलाईननं चौपट पातळ करून १०० मायक्रोलिटर द्या. काही कंपन्यांची कुपी दुप्पट तीव्र असते. लेबल न वाचता मात्रा काढू नका. शेपटीच्या शिरेतून दिल्यास ८ ते २० मिनिटांत चित्र घ्या, पोटात दिल्यास जास्त थांबा. निरोगी स्नायू काळा दिसेल असा इन्व्हर्जन टाइम (सुरुवातीच्या उलटवणाऱ्या पल्सनंतर थांबायचा वेळ) दोन-तीन किमती बदलून शोधा. सात टेस्लावर शोध ३०० ते ४०० मिलिसेकंदांपासून सुरू केला तर चालतो.

संपल्यावर उंदीर गरम गादीवर, एकटा, चालू लागेपर्यंत नजरेखाली.

आकडे

हार्ड डिस्कवर डायकॉमबरोबर (वैद्यकीय चित्रांची प्रमाणित फाइल) यंत्राची मूळ फाइलही घ्या. मोजणीसाठी इमेजजे हे सॉफ्टवेअर मोफत आहे, हृदयासाठीचं सेगमेंट हे सॉफ्टवेअर शैक्षणिक संशोधनाला मोफत मिळतं. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. फाइलींना दुसऱ्याकडून क्रमांक घालून घ्या.

प्रत्येक कापात आतल्या पोकळीची कड आखा, एकदा पूर्ण प्रसरणात आणि एकदा पूर्ण आकुंचनात. समजा पायापासून टोकाकडे प्रसरणातली क्षेत्रफळं १०.२, १०.६, १०.१, ९.०, ७.४, ५.१, २.६ चौरस मिलिमीटर आली. बेरीज ५५, जाडी १ मिलिमीटर, म्हणून ५५ मायक्रोलिटर. आकुंचनात ४.९, ५.२, ४.६, ३.६, २.१, ०.६ आणि ० : एकूण २१. एका ठोक्यात ३४ मायक्रोलिटर बाहेर, ईएफ ६२ टक्के. ४५० ठोक्यांनी गुणलं तर मिनिटाला सुमारे १५ मिलिलिटर.

आता सगळ्यात वरच्या कापाकडे पाहा. आकुंचनात झडपेची पातळी टोकाकडे सरकते आणि त्या जागी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) येते. तो ४.९ चा डाग जवनिका नसून कर्णिका आहे असं ठरवलंत, तर आकुंचनातलं आकारमान १६.१ होतं आणि ईएफ ७१ टक्के. एका कापाच्या निर्णयानं नऊ बिंदूंचा फरक पडला. तुमच्या औषधाचा परिणाम कदाचित एवढाच असेल. म्हणून वरच्या कापाचा नियम (लांब चित्रात झडप कुठे आहे ते पाहून ठरवायचं) आणि पॅपिलरी स्नायू (झडपेला धरणारे, पोकळीत डोकावणारे) पोकळीत धरायचे की भिंतीत, हे पहिला उंदीर मोजण्यापूर्वी लिहून भिंतीवर लावा आणि शेवटपर्यंत बदलू नका. काही उंदीर दोघांनी वेगवेगळे मोजून ब्लँड-ऑल्टमन आलेख (दोघांच्या मोजणीतला फरक दाखवणारा) काढा, मार्गदर्शक मागो न मागो.

भिंतीचं आकारमान गुणिले १.०५ केलं की वजन मिलिग्रॅममध्ये मिळतं. ८५ मायक्रोलिटरची भिंत म्हणजे सुमारे ८९ मिलिग्रॅम. प्रयोगाच्या शेवटी हृदय काढाल तेव्हा कर्णिका आणि उजवी भिंत कापून डावी जवनिका टिपकागदावर सुकवून तोला आणि एमआरआयच्या आकड्याशेजारी मांडा. दोन्हींतला फरक सतत एकाच बाजूला येत असेल तर तुमची कड आखण्याची सवय तपासा. मॅसन ट्रायक्रोमसाठी (व्रणाचे तंतू रंगवून दाखवणारी रंगपद्धत) हृदय देताना काप एमआरआयच्याच दिशेनं, पायाकडून टोकाकडे आडवे आणि १ मिलिमीटरच्या अंतरानं हवेत, असं पॅथॉलॉजीच्या तंत्रज्ञाला समोर उभं राहून सांगा. चिठ्ठीवर लिहून दिलं तर हृदय उभं कापून येतं.